अ‍ॅलन रिकमनने बेचाळिसाव्या वर्षी काहीही सुरू केलं नव्हतं

तो फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागलाय. हॅरी पॉटरच्या सिनेमांतला काळ्या झग्यातला प्रोफेसर स्नेप, म्हणजे ब्रिटिश नट अ‍ॅलन रिकमन, आणि त्यावर पिवळ्या अक्षरांत : "वयाच्या ४२व्या वर्षी ग्राफिक डिझायनरची नोकरी सोडली. अभिनयाचा गंध नव्हता. ना शिक्षण, ना ओळखपाळख. हॉलिवूडच्या पायऱ्या झिजवल्या आणि पहिल्याच सिनेमाने इतिहास घडवला. तुम्ही कशाची वाट बघताय?" खाली गरिबीतलं बालपण, ऑस्कर आणि ऐंशीव्या वर्षी आरामखुर्चीत बसून हॅरी पॉटर वाचण्याबद्दलचं एक हळवं वाक्य. सगळ्यात खाली एका अभिनय कार्यशाळेचा नंबर. शनिवार-रविवार, जागा मर्यादित.

माझ्या मेव्हण्याने "दाजी, हे वाचाच" म्हणून पाठवला. वय एक्केचाळीस, सहकारी बँकेत नोकरी, शाळेच्या गॅदरिंगनंतर स्टेजवर पाय ठेवलेला नाही, आणि राजीनाम्याचा मसुदा तयार. तेव्हा आता बोलणं भाग आहे.

"४२व्या वर्षी नोकरी सोडली." साफ खोटं. रिकमनचा जन्म १९४६चा. चेल्सीच्या आर्ट स्कूलमध्ये आणि मग रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये तो ग्राफिक डिझाइन शिकला, आणि मित्रांबरोबर 'ग्राफिटी' नावाचा स्टुडिओ काढला. म्हणजे नोकरी नव्हे, स्वतःचा धंदा, आणि तोही बरा चाललेला. तो सोडला सव्विसाव्या वर्षी. बेचाळीस आणि सव्विस यांत सोळा वर्षांचं अंतर आहे, आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याने नेमकी तीच सोळा वर्षं गिळून टाकलीत.

"शिक्षण नाही." १९७२ साली त्याने राडाला, म्हणजे लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ ड्रामॅटिक आर्टला पत्र लिहून ऑडिशन मागितली, निवडला गेला आणि १९७४पर्यंत तिथे रीतसर शिकला. त्याच्याही आधी हौशी मंडळींत नाटकं करत होताच. पुढे आयुष्यभर सोबत राहिलेली रिमा हॉर्टन त्याला १९६५ साली तिथेच भेटली. आणि गंमत बघा, शिक्षणाची गरज नाही असं सांगणारा हाच फॉरवर्ड शेवटी दोन दिवसांचं शिक्षण विकतोय!

आता या सोळा वर्षांबद्दल. शिकत असताना पोट भरायला रिकमन कपडेपट सांभाळायचा : सर राल्फ रिचर्डसन आणि नायजेल हॉथॉर्न या नटांचा ड्रेसर होता तो. पडद्यामागच्या अंधारात पुढच्या प्रवेशाचा कोट हातात धरून उभं राहायचं, नट आला की घाईने चढवायचा, बटणं लावायची, पुन्हा अंधारात. राडातून बाहेर पडल्यावर इंग्लंडमधल्या गावोगावच्या रेपर्टरी कंपन्या, म्हणजे एकामागून एक नाटकं बसवणाऱ्या नाटकमंडळ्या. १९७८मध्ये बत्तिसाव्या वर्षी रॉयल शेक्सपिअर कंपनी, तिथे 'द टेम्पेस्ट'मधला फर्डिनांड. तिथे तो रमला नाही, बाहेर पडला. १९८२ साली बीबीसीच्या 'द बारचेस्टर क्रॉनिकल्स' या मालिकेत ओबडाया स्लोप हा तेलकट, लाळघोटा पाद्री केला. ब्रिटिश प्रेक्षकांनी त्याला ओळखायला सुरुवात केली ती इथे. या मालिकेत त्याच्यासमोर आर्चडीकनच्या भूमिकेत कोण होतं? नायजेल हॉथॉर्न. ज्याच्या अंगावर कोट चढवला त्याच्याशीच पडद्यावर झुंज. फॉरवर्डच बनवायचा होता तर हा प्रसंग घ्यायचा ना! पण यात दहा वर्षं जातात, आणि शनिवार-रविवारच्या कार्यशाळेला दहा वर्षं परवडत नाहीत.

याहूनही पक्का पुरावा टोनी पुरस्कारांच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या नाटकांना मिळणाऱ्या पुरस्कारांच्या यादीत आहे. १९८५ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीने स्ट्रॅटफर्डला 'ले लियाझों दांजरज' हे नाटक केलं, त्यात रिकमन व्हायकाउंट व्हालमाँ होता. नाटक लंडनला गेलं, तिथून १९८७ मध्ये ब्रॉडवेला. त्या वर्षीच्या टोनीसाठी नाटकातल्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या नामांकनांत त्याचं नाव आहे. पुरस्कार 'फेन्सेस'साठी जेम्स अर्ल जोन्सला गेला. यादी उघडी आहे, कुणीही बघावी. फॉरवर्डमधला तो 'पहिला सिनेमा', म्हणजे 'डाय हार्ड', प्रदर्शित झाला जुलै १९८८मध्ये. अभिनयाचा गंध नसलेल्या माणसाला सिनेमाच्या आदल्या वर्षी ब्रॉडवेवर नामांकन कसं मिळतं, हे त्या कार्यशाळावाल्यांनी समजावून सांगावं.

"हॉलिवूडच्या पायऱ्या झिजवल्या" हे त्याहून हास्यास्पद. 'डाय हार्ड'वाल्यांनी त्याला व्हालमाँ करताना पाहिलं होतं. त्याच्याच सांगण्याप्रमाणे लॉस एंजेलिसला येऊन जेमतेम दोन दिवस झाले होते तेव्हा हा रोल पुढे आला, आणि स्क्रिप्ट वाचून त्याची पहिली प्रतिक्रिया होती की असला मारधाडपट आपण करायचा नाही. मग केला तो कसा? हान्स ग्रुबरला, म्हणजे त्याच्या वाट्याच्या खलनायकाला, दहशतवाद्याचा ठरावीक अवतार द्यायचं चाललं होतं. रिकमनने निर्माता जोएल सिल्व्हरसाठी चिठ्ठी ठेवली : सूट घातला तर हा माणूस वेळ आल्यावर ओलिसांपैकी एक असल्याचं सोंग करू शकेल. त्यातूनच तो प्रवेश आला, जिथे ग्रुबर अमेरिकन उच्चार काढून नायक ब्रूस विलिसला बनवायला बघतो. चिठ्ठी लिहिणारा माणूस नवशिका नव्हता. कपडे भूमिका कशी घडवतात हे त्याने डिझायनर म्हणून, ड्रेसर म्हणून आणि नट म्हणून पाहिलेलं होतं.

आता नाइलाजाने एक कबूल करतो. 'डाय हार्ड' त्याचा पहिलाच सिनेमा, आणि तो आला तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता, हे खरं आहे. सव्विसाव्या वर्षी नाट्यशाळेत जाणं हेही उशिराच. पण सिनेमात दिसला म्हणजे सुरुवात झाली, हा हिशेब निदान मराठी माणसाने तरी करू नये. डॉ. श्रीराम लागूंनी १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, कान-नाक-घशाची प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ रंगभूमी धरली. त्यांच्यावरही उद्या असाच फॉरवर्ड निघेल, आणि त्यात बी. जे. मेडिकलपासूनची नाटकं आणि पी.डी.ए. या पुण्याच्या नाट्यसंस्थेतली वर्षं नसतील.

बालपण : आठ वर्षांचा असताना वडील गेले, आईने चार मुलं वाढवली, लॅटिमर शाळेत शिष्यवृत्तीवर गेला. हे बरोबर आहे, ठेवा.

आरामखुर्चीचं वाक्य त्याचं नाही. चाहत्यांत फिरता फिरता ते त्याच्या तोंडी चिकटलं. त्याच्या मृत्यूनंतर, २०२२ मध्ये छापल्या गेलेल्या डायऱ्यांत पॉटरबद्दल वेगळाच सूर आहे : मालिका सोडावी का याचा विचार, आणि पाचव्या सिनेमाला होकार देताना आनंदाचा लवलेश नाही, हाती घेतलंय तर तडीस न्यावं एवढंच. भूमिका त्याने चोख केली. त्यासाठी भक्त असावं लागत नाही.

ऑस्कर? नाही. साधं नामांकनही नाही. बाफ्टा मिळालं 'रॉबिन हूड'मधल्या शेरिफसाठी, एमी आणि गोल्डन ग्लोब 'रास्पुतिन'साठी. आणि पहिला पॉटर गाजत असताना हा गृहस्थ काय करत होता? लंडनला आणि मग ब्रॉडवेला 'प्रायव्हेट लाइव्ह्ज' हे नाटक, लिंडसे डंकनबरोबर. १९८५च्या त्या नाटकातही समोर तीच होती. २००२च्या टोनीसाठी दोघांनाही नामांकन होतं. डंकनला मिळालं. रिकमनला दुसऱ्यांदाही नाही.