उभ्या उभ्या माशा मारणे

माशा बसून मारायच्या असतात, अशी मराठी भाषेची पक्की समजूत आहे. स्कॉटलंडात त्या उभ्याने मारतात, तेही मांडीभर गार पाण्यात, पंधरा फुटी काठी दोन्ही हातांनी धरून आणि वर पदरचे पैसे मोजून. याला सॅमन नावाच्या माशाची फ्लाय फिशिंग म्हणतात; फ्लाय म्हणजे माशी. लाइन, म्हणजे काठीची दोरी, कशी फेकायची हे ठाऊक नसताना यात उतरणं म्हणजे पोहता येत नसताना थेट विहिरीत सूर मारणं. फरक इतकाच की विहिरीत निदान कानात गळ अडकत नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढचा अपमान हलका होईल. समुद्रातून नदीत शिरलेला सॅमन काही खात नाही. तो अंडी घालायच्या कामगिरीवर निघालेला असतो आणि अंगावरच्या चरबीवर महिनोन्‌महिने काढतो. म्हणजे ज्याला भूकच नाही त्याच्या नाकासमोर आपण ताट नाचवायचं. तरीही तो कधीतरी फ्लायला तोंड लावतो. चिडून, कुतूहलाने की जुन्या सवयीने, यावर स्कॉटलंडात पिढ्यान्‌पिढ्या वाद चालू आहे. फ्लाय म्हणजे गळाला बांधलेली केसांची, पिसांची आणि चमकीची जुडी. अॅलीज श्रिंप, कॅस्केड, विली गन, मन्रो किलर अशी त्यांची नावं. यातली एकही माशीसारखी दिसत नाही. नवशिका पेटीत चाळीस फ्लाय घेऊन येतो आणि दर दहा मिनिटांनी बदलतो, कारण तेवढं एकच काम त्याला जमत असतं.

कायद्याचं थोडक्यात. स्कॉटलंडात बहुतेक नद्यांवर सरकारी परवाना लागत नाही, पण मासेमारीचा हक्क ज्याचा, त्याची परवानगी लागते. रविवारी सॅमन धरायला बंदी. हंगाम नदीगणिक वेगळा: टे नदीचा 15 जानेवारीला उघडतो, स्पे नदीचा 11 फेब्रुवारीला. 1 एप्रिलच्या आधी मिळालेला प्रत्येक सॅमन परत सोडावाच लागतो. काठावर गिली नावाचा जाणता माणूस असतो. नदीचा तळ त्याला पाठ असतो आणि आपली लायकी त्याला पहिल्या फेकीतच कळते.

आता फेकीकडे वळू. सगळं रामायण इथेच आहे. दगड फेकायची सवय असलेल्या हाताला वाटतं, आपण फ्लाय फेकतोय. फ्लायला वजन कुठलं? वजन असतं लाइनला. ती काठीला वाकवते, वाकलेली काठी सरळ होताना लाइनला पुढे ढकलते आणि फ्लाय आपली शेपटासारखी मागून जाते. तेरा ते पंधरा फुटी काठी, तिला साजेशी आठ ते दहा नंबरची लाइन, आणि लाइनच्या टोकाला लीडर, म्हणजे बारा-पंधरा पौंड ताण सोसणारा पारदर्शक धागा. लाइन तरंगणारी असेल तर लीडर साधारण काठीएवढा लांब. बुडणारी असेल तर चार-पाच फूटच, नाहीतर लाइन तळाकडे जाते आणि फ्लाय वरच तरंगत बसते. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करायची. कोरडी आवळली तर घर्षणाने धागा तिथेच कमजोर होतो आणि नेमका मासा लागल्यावर तुटतो.

डोक्यावरून मागे आणि मग पुढे, ही फेक चित्रांत फार देखणी दिसते. पण लाइन जेवढी पुढे टाकायची तेवढीच मोकळी जागा मागे लागते, आणि स्पेच्या काठावर मागे झाडं नाहीतर उंच दरड. म्हणून तिथल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात लाइन मागे पूर्ण न पसरवता फेकायची पद्धत बसवली. तीच स्पे कास्टिंग. तिची बाराखडी म्हणजे रोल कास्ट.

काठीचं टोक पाण्याला टेकवून सुरुवात करायची. लाइन ढिली असेल तर पहिली अर्धी हालचाल तो ढिलेपणा काढण्यातच वाया जाते. मग काठी सावकाश उचलायची, किंचित बाजूला कलती ठेवून मागे न्यायची, वरचा हात कानाच्या उंचीला येईपर्यंत. आता काठीच्या टोकापासून पाण्यापर्यंत लाइन इंग्रजी डी अक्षराच्या पोटासारखी लोंबते, आणि लीडर व लाइनचं टोक पाण्यावर टेकलेलं राहतं. हा अँकर, आपला नांगर. इथे थांबायचं. नवशिका नेमका इथेच थांबत नाही. मग पुढची फेक: वरच्या हाताने अगदी थोडं ढकलायचं, खालच्या हाताने मूठ पोटाकडे ओढायची, आणि काठी घड्याळाच्या दहा-अकरावर असतानाच करकचून थांबवायची. लाइन वेटोळं उलगडत पुढे जाते.

किंवा जात नाही. वरच्या हाताने सगळा जोर लावून काठी थेट पाण्यापर्यंत हाणली की वेटोळं फाकतं आणि लाइन पायाशी शेवयांसारखी पडते. नांगर जास्त पडला तर पाणी लाइन सोडत नाही. अजिबात नाही पडला तर चाबकासारखा फटकारा ऐकू येतो, आणि फटकाऱ्यानंतर बऱ्याचदा फ्लाय जागेवर नसते. ती कुठे गेली हे कळेपर्यंत नवशिका अर्धा तास गळाविना मासेमारी करत असतो. तेवढा वेळ, माझ्या मते, तो सर्वांत सुरक्षित असतो.

माशी शिंकते ती वाऱ्यामुळे. वारा प्रवाहाच्या दिशेने वाहत असेल तर नांगर आपल्या खालच्या अंगाला, म्हणजे प्रवाह जातो त्या बाजूला पडला पाहिजे, म्हणून डबल स्पे नावाची फेक. वारा प्रवाहाच्या उलटा असेल तर नांगर वरच्या अंगाला, म्हणून सिंगल स्पे नावाची. चुकलं तर वारा तो गळ सरळ तोंडाकडे आणतो. चष्मा आणि टोपी फोटोसाठी नसतात, ती याच्यासाठी. वारा पडला म्हणून हायसं वाटावं, तर उन्हाळ्यात मिज नावाची चिमुकली चिलटं हजर होतात. त्यांच्यातल्या माद्या चावतात, आणि दोन्ही हात काठीला गुंतलेला माणूस त्यांना फार आवडतो. वारा असला की कानाशी गळ, नसला की कानात चिलट.

हिरवळीवर आधी सराव करावा म्हणतात. डोक्यावरून फेकायचा सराव होतो, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. पण स्पे कास्टला गवत कामाचं नाही. लाइनला धरून ठेवायला पाण्याची पकड लागते.

पाण्यात उतरताना छातीपर्यंतच्या वेडर्सवर, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या विजारीवर, कमरेचा पट्टा घट्ट आवळायचा, म्हणजे पडलो तरी पाणी आत झपाट्याने शिरत नाही. प्रवाहाला अंगाची बाजू द्यायची, टेकायला वेगळी काठी जवळ ठेवायची, पाय घासत सरकवायचे, एकावर एक टाकायचे नाहीत. मांडीच्या वर जायचं नाही. आणि उतरण्याआधी काठाजवळ चार आखूड फेकी टाकून बघायच्या. मासे पुष्कळदा काठालगत विसावलेले असतात. नवशिका त्यांच्या अंगावरून चालत जाऊन, ते जिथे नाहीत तिथे लांब लाइन टाकायला धडपडतो. पाण्यात राहून माशाशी वैर म्हणतात ते हे.

लाइन पैलतीराकडे, पण प्रवाहाच्या दिशेने सुमारे 45 अंश कलती टाकायची. मधला जोराचा प्रवाह तिला पोट काढायला लावतो आणि फ्लाय सुसाट ओढली जाते, म्हणून पडल्या पडल्या लाइनचं पोट काठीने उचलून वरच्या अंगाला ठेवायचं. फ्लाय कमान घेत आपल्या बाजूला येते, सरळ खाली लोंबते, क्षणभर तशीच राहू द्यायची. मग एक-दोन पावलं खाली सरकून पुन्हा तेच. दिवसभर.

आणि एखाद्या वेळी ती लाइन जड होते. इथे हात जे करू बघतो ते करायचं नाही: हिसडा द्यायचा नाही. सॅमन फ्लाय तोंडात घेतो आणि आपल्या जागेकडे वळतो. त्या वळण्यातच गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. आधी हिसडलं तर उघड्या तोंडातून फ्लाय बाहेर. म्हणून जुना उपदेश असा, की आधी 'गॉड सेव्ह द किंग' पूर्ण म्हणा आणि मगच काठी उचला. मासा उसळी मारतो तेव्हा टोक खाली करायचं, रिळाची मूठ गरगर फिरत असताना बोटं लांब ठेवायची. ताकदीचा इथे काही उपयोग नाही. 1922 साली टे नदीवर 64 पौंडांचा सॅमन जॉर्जिना बॅलंटाइन यांनी काढला. काठीने धरलेल्या सॅमनचा ब्रिटनमधला तो विक्रम अजून मोडलेला नाही. फ्लायवर नव्हता तो, आमिषावर होता. फ्लायवरचा 61 पौंडांचा 1924 साली डेव्हरन नदीवर मिळाला, तोही क्लेमेंटिना मॉरिसन या बाईंना. दंडाच्या बेटकुळ्या फुगवून आलेल्या पुरुषांनी हे काठी जोडतानाच ध्यानात घ्यावं.

हंगामाच्या सुरुवातीला आलेल्या नवशिक्याचा पहिला मासा बऱ्याचदा असा असतो: चांदीसारखा चकाकणारा, लांबलचक, पण पोट खपाटीला गेलेलं, शेपटीची कड झिजलेली, कल्ल्यांत बारीक पांढरे परजीवी चिकटलेले. अंडी घालून मरगळलेला आणि समुद्राकडे परत निघालेला सॅमन. तो ठेवणं गुन्हा आहे. त्याचं डोकं प्रवाहाकडे करून त्याला पाण्यातच हलके धरायचं, शेपटी जोर धरेपर्यंत. तो निघून जातो. काठावरचा गिली वाकून एकदा बघतो, "केल्ट" एवढंच म्हणतो, आणि थर्मासचं झाकण लावायला वळतो.