रिफ्रेश मारल्यानं रॅम साफ होत नसते राजेहो

"पीसी स्लो झाला? दुकानदाराला एक रुपया देऊ नका, हे पाच उपाय करा" असा मेसेज आपल्या तालुक्याच्या सगळ्या ग्रुपवर फिरून राह्यला. मी दारव्ह्याकडच्या खेड्यांत कॉम्प्युटर दुरुस्तीचंच काम करतो, म्हणून कोणी म्हणेल याच्या पोटावर पाय पडला तर बोलून राह्यला, पण फुकटचा उपाय खरा असला तर मीच आधी सांगतो. हे पाचही चुकीचे आहेत अन् शेवटचा तर लय नुकसान करणारा आहे.

पहिला म्हणे एफ-५ दाबून दहा वेळा रिफ्रेश मारा, रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, साफ होते. नाही होत भाऊ. रिफ्रेशनं स्क्रीनवरचे आयकॉन पुन्हा दाखवले जातात, बस. कंट्रोल, शिफ्ट अन् एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडते, त्यात मेमरीचा आकडा पाहा, मग पाहिजे तेवढा रिफ्रेश मारा, आकडा उतरणार नाही. ब्राउझरचे वीस टॅब बंद करा, लगेच उतरते.

दुसरा, ५०० जीबीच्या जागी १ टीबी हार्ड डिस्क टाका, स्पीड डबल. कास्तकाराच्या भाषेत सांगतो, हार्ड डिस्क म्हणजे कोठार, रॅम म्हणजे खळं अन् प्रोसेसर म्हणजे थ्रेशर. कोठार दुप्पट बांधल्यानं मळणी लवकर होते का? खळं लहान असलं तर माल अडकतेच. लाईट गेली की खळ्यावरचं म्हणजे रॅममधलं सगळं जाते, कोठारातलं राह्यते, म्हणून तर सेव्ह करा म्हणतो. आणि आपण ज्या डब्ब्याला सीपीयू म्हणतो तो सीपीयू नाही, खरा सीपीयू म्हणजे प्रोसेसर, आत पंख्याखाली बसलेली बिस्किटाएवढी चिप, कापसाच्या हंगामात त्या पंख्यात तंतू अडकले की चिप तापते अन् स्वतःच हळू चालते, तिथं ब्रश मारला तरी फरक पडते. स्पीडच पाहिजे तर एसएसडी टाका, म्हणजे चिपवर माल ठेवणारी डिस्क. फिरणारी डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, साधी साटा जोडणीची एसएसडी ५०० च्या आसपास.

तिसरा, दर रविवारी डीफ्रॅग करा, एसएसडीलाही. फिरणाऱ्या डिस्कवर फायलीचे तुकडे विखुरलेले असतात, ते एकाजागी आणायला डीफ्रॅग. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, उगाच लिहून लिहून तिचं आयुष्य कमी होते.

चौथा, रोज शटडाऊन करता तर रिस्टार्टची गरज नाही. उलट आहे. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं, ते चालू असलं तर शटडाऊन करताना सिस्टमचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवतात अन् सकाळी तोच उठवतात. कोरी सुरुवात रिस्टार्टनंच होते.

आता पाचवा. "सरकारी साइट सुरक्षित नाही असं दाखवलं तर व्हायरस आहे, लगेच फॉरमॅट मारा." हे वाचून माह्या अंगावर काटा आला. पीक विम्याच्या गर्दीत एका गावच्या सेवा केंद्रावर हेच चालू होतं, बाहेर पंधरा-वीस माणसं रांगेत, अन् आत पोरगा पेनड्राइव्ह लावून फॉरमॅटला बसलेला, लोकांचे स्कॅन केलेले सातबारे, पासबुकं सगळं डेस्कटॉपवर, म्हणजे सी ड्राइव्हलाच, फॉरमॅट मारला की सगळं पुसलं जाते. मी म्हटलं थांब बापू, आधी कोपऱ्यातलं घड्याळ पाह्य. तारीख होती १ जानेवारी २०१२.

मदरबोर्डवर, म्हणजे डब्ब्यातल्या मुख्य सर्किटच्या पाटीवर, सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा गोल सेल असते, लाईट नसताना तोच घड्याळ चालवते. आपल्याकडं लाईट घडीघडी जाते, त्यात सेल संपलेला, म्हणून तारीख मागं पडली. अन् साइटच्या सर्टिफिकेटवर, म्हणजे साइट खरी असल्याच्या दाखल्यावर, ते कधीपासून कधीपर्यंत चालते हे लिहिलेलं असते, पीसी म्हणते आज २०१२ आहे, हे सर्टिफिकेट तर अजून सुरूच झालं नाही, म्हणून साइट अडवते. व्हायरस कुठं आला यात?

सेल बदलला, तारीख लावली, साइट उघडली, आणि रांगेतल्या पहिल्या काकाजींचा फॉर्म त्याच मशीनवर भरला.