‘स्वयंपाकघरातल्या आठवणी’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. चिकानो, म्हणजे अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या, संगीतावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “आईच्या स्वयंपाकघरातल्या आठवणींना चळवळीचं संगीत म्हणणं हा डोळ्यांत पाणी आणायचा धंदा आहे. जरा वाचत जा.” वर चळवळ आधी येते आणि गाणं मागून, अशी तुमची मांडणी. मतभेद असू द्या. पण कुणाला ‘धंदा’ आणि ‘वाचत जा’ सुनावायचं तर आधी त्याचं म्हणणं खोडावं लागतं, आणि ते तुम्ही एका ओळीतही केलेलं नाही. पंधरा वर्षं मी जराना, हे गिटारसारखं छोटं मेक्सिकन तंतुवाद्य, वाजवतो आणि शिकवतो. हे संगीत माझ्यासाठी ऐकीव नाही.

तुमचं एक बरोबर आहे. जरानाला दहा तारा असतात असं मी लिहिलं होतं. नेहमीच्या जरानाला आठ असतात : कडेच्या दोन एकेऱ्या, मधे तीन जोड्या. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता त्या स्वयंपाकघराबद्दल.

कोरीदो हा मेक्सिको-टेक्सास सरहद्दीवरचा, आपल्या पोवाड्याच्या जवळ जाणारा प्रकार. कडव्याला चार ओळी, ओळीला साधारण आठ अक्षरं, दुसऱ्या-चौथ्या ओळीला यमक. सुरुवातीलाच बहुधा साल, ठिकाण, माणसाचं नाव येतं आणि शेवटी गाणारा श्रोत्यांचा निरोप घेतो. नवशिके लिहायला बसले की नाव-गाव गाळून ‘अन्याय’ आणि ‘लढा’ भरतात. मग घोषणा उरते, गाण्यातला माणूस निघून जातो.

सर्वांत गाजलेल्या कोरीदोंपैकी एक ग्रेगोरिओ कोर्तेसचा. १२ जून १९०१, टेक्सासमधली कार्न्स काउंटी. घोड्याच्या व्यवहाराची चौकशी करायला शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, दारात आला. दुभाष्याने ‘घोडा’ बदलून घेतला का असं विचारलं, कोर्तेस ‘नाही’ म्हणाला, कारण त्याने घेतली होती घोडी. स्पॅनिशमध्ये हे दोन वेगळे शब्द आहेत आणि दुभाष्याला तो फरक कळला नाही. शेरीफने कोर्तेसच्या भावावर, रोमाल्दोवर, गोळी झाडली. कोर्तेसने शेरीफवर. त्याच्या पाठलागावर माणसं गेली आणि गाणं जन्मलं. यातून भाऊ काढा, घरचं दार काढा, आणि उरलेलं मला गाऊन दाखवा.

तुम्ही ज्याला आठवणी म्हणता, तिथे मुख्य गोष्ट भाषेची आहे. अमेरिकेतल्या शाळेत स्पॅनिश बोललं तर शिक्षा होत असे, म्हणून ती भाषा टिकली घरात आणि घरच्या गाण्यांत. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसची हजारो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली, तेव्हा ही शिक्षा थांबवा आणि दोन्ही भाषांतून शिकवा, या त्यांच्या मागण्यांपैकी होत्या. ज्या शाळांतून मुलं बाहेर पडली, त्यांत गारफील्ड हायस्कूल होतं. तिथेच शिकलेल्या मित्रांनी १९७३ मध्ये लोस लोबोस हा बँड सुरू केला. रॉक वाजवणारी ही मुलं, आणि सुरुवात केली ती आईवडिलांच्या पिढीच्या मेक्सिकन गाण्यांपासून, जुनी वाद्यं नव्याने शिकून. जी भाषा शाळेने तोंडातून काढून घेतली, ती लग्नाच्या मांडवात मोठ्याने गाणं, याला तुम्ही डोळ्यांत पाणी आणणं म्हणता! मला हे वाचून राग आला, आणि तो लपवत नाही.

आणखी एक पुरावा देतो. लिटल जो हा गायक टेक्सासमधल्या टेंपल गावचा, कापूस वेचणाऱ्या घरातला. त्याच्या बँडचं नावच ‘ला फामिलिया’, म्हणजे कुटुंब. १९७२ च्या ‘पारा ला हेंते’ या अल्बममधलं ‘लास नूबेस’ शेतमजुरांच्या चळवळीचं गीत मानलं जातं. त्यात मालक नाही, संप नाही, युनियन नाही. सगळं संपत चाललेला एक थकलेला माणूस आहे आणि वरून ढग जात आहेत. मजुरांनी ते उचललं, कारण तो थकवा त्यांच्या घरात रोज संध्याकाळी येत होता. चळवळ आधी आणि गाणं मागून, ही तुमची मांडणी इथे लागू पडत नाही. कॅलिफोर्नियातल्या डेलानोच्या शेतमजुरांच्या १९६५ च्या संपात मात्र ती बऱ्यापैकी लागू पडते. तिथे तेआत्रो कांपेसिनो या शेतमजुरांच्या नाटकमंडळीने संपासाठीच गाणी रचली. पण त्यांतले एक संस्थापक आगुस्तीन लीरा स्वतः शेतमजूर होते, हेही ध्यानात घ्या.

शाहिरी जलशांशी तुलना का नाही, हा तुमचा दुसरा मुद्दा. तो माझ्या लेखाचा विषय नव्हता. ‘चिकानो’ शब्द जुना झाला, हा तिसरा. तो ज्यांनी स्वतःसाठी निवडला ते ठरवतील, तुम्ही-आम्ही नाही.

‘लास नूबेस’ शेवटपर्यंत ऐका. त्यातली एखादी ओळ मी म्हणतो तशी नसेल, तर ती ओळ इथेच लिहा. तिला मी उत्तर देईन. ‘वाचत जा’ला यापुढे देणार नाही.