घोडीच्या खुरांबद्दल आपल्या तक्रारीला उत्तर

भाऊ, नमस्कार.

आपण लिहिलंय, नाल काढून खूर घासले, 'तीन आठवड्यांत मोकळी चालेल' असं मी सांगितलं, उलट घोडी खडीवर पाऊल टाकेना आणि वैशाखातल्या दोन वरातींच्या सुपाऱ्या गेल्या. तीन आठवड्यांचं मी बोललो, हे खरं. चुकलंच माझं. खुराची भिंत महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते. वरच्या केसांपासून निघालेलं नवं खूर पुढच्या टोकाला जमिनीपर्यंत पोचायला ९ ते १२ महिने जातात. नाल काढल्यावर सुरुवातीला पाऊल दुखू शकतं, तेव्हा लग्नसराई उरकू द्या, हे मी आधी सांगायला हवं होतं.

पण 'चांगले खूर बिघडवले' हे मला पटत नाही. घोडी चालवून पाहिली तेव्हा ती टाचेआधी टोक टेकवत होती. नाल उचकटले तर टाचा पुढे दुमडलेल्या, तळव्यामधली त्रिकोणी गादी सुकून बोटाएवढी उरलेली. तिच्या फटीत काडी सहज आत गेली आणि बाहेर आली ती काळी, सडक्या वासाची. टोकाशी भिंत आणि तळवा जोडणारी पिवळट रेघ ताणून रुंद झाली होती. वाढलेलं टोक प्रत्येक पावलाला तरफेसारखं भिंतीला ओढतं. ते मागे घेतल्याशिवाय ही जोडणी पुन्हा घट्ट धरत नाही. तळवा मी कोरलेला नाही. त्याची जाडीच तिला दगडापासून वाचवते. मात्र टाच आणि टोक एकाच बैठकीत घेतलं, ते दोन बैठकींत घ्यायला हवं होतं.

भिंतीवरची वलयं आपणही बघा. टाचेकडे रुंद, टोकाकडे दाटलेली आहेत. पूर्वी कधीतरी खूर आतून सुजून गेल्याची ही खूण वाटते. अशी सूज गोडानं पुन्हा उलटू शकते. वरातीत लोक मायेनं गूळ चारतात, तो कृपा करून बंद करा. पशुवैद्यकांकडून पुढच्या पायांचा एक्स-रे काढून घ्या. आतलं हाड कललंय का हे कळल्याशिवाय मी पुन्हा कानस लावणार नाही.

घेतलेले पैसे परत करतो. पुढे दर चार-पाच आठवड्यांनी खूर बघायला येईन, त्याचे पैसे घेणार नाही. सुपाऱ्यांचं नुकसान त्यानं भरून निघत नाही, ते मला कळतं.

आता पाऊस लागेल. काळ्या मातीच्या चिखलात तिला उभी ठेवू नका, रोज संध्याकाळी फट साफ करून कोरडी करा. मार्गशीर्षात सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरेल तोवर टाचा बऱ्याच नव्या आलेल्या असतील, टोक अजून जुनंच असेल. तेव्हा तिला पळवू नका, नुसती चालवा.

गुरुवारी सकाळी मी शहाद्याकडे आहे. तेव्हा पैसे घेऊन येतो. एक्स-रे झाला असेल तर तोही बघतो.