हायब्रीड आहे दादा, बंद पडलेली नाही

"रेस द्या साहेब."

कुणाला देऊ? इंजिन बंद आहे. गाडी उभी आहे, बॅटरी भरलेली आहे, त्यामुळे चालू राहायचं इंजिनाला काही कारणच नाही. पण पीयूसीच्या व्हॅनमधला पोरगा सायलेन्सरमध्ये नळी खुपसून स्क्रीनकडे बघतो, तिथे काही येत नाही, मग आपल्याकडे बघतो आणि मागच्या चार रिक्षावाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करतो, "गाडी बंद पडली हो यांची."

पुण्यात हायब्रीड सेदान घेणं म्हणजे आयुष्यभर हे वाक्य ऐकून घेणं. गाडीत खोट नाही. खोट आहे ती गाडीला हात लावणाऱ्या प्रत्येकात. अर्ध्यांना ती साधी पेट्रोल वाटते, उरलेल्या अर्ध्यांना इलेक्ट्रिक. ती दोन्ही नाही, तिच्यात पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही मिळून गाडी ओढतात, हे विकणाऱ्यानंही सांगायची तसदी घेतलेली नसते.

पीयूसीचंच घ्या. पी मध्ये, म्हणजे गियर पार्किंगला ठेवून, ॲक्सिलरेटर दाबून इंजिन सुरू झालंच, तरी ते पायाचं ऐकत नाही. कॉम्प्युटरला हवं तेवढं चार्जिंग झालं की पुन्हा गप्प. यासाठी मेंटेनन्स मोड असतो आणि तो कसा लावायचा हे ना पीयूसीवाल्याला माहीत, ना बऱ्याच सर्व्हिस ॲडव्हायझरना. टोयोटाच्या हायब्रीडमध्ये क्रम असा: हँडब्रेक लावा. ब्रेकवर पाय न ठेवता पॉवर बटण दोनदा दाबा, म्हणजे नुसतं इग्निशन ऑन होईल, रेडी (चालायला तयार) नाही. इथून साठ सेकंदांच्या आत पी मध्ये ॲक्सिलरेटर तळापर्यंत दोनदा, ब्रेक दाबून एन म्हणजे न्यूट्रलमध्ये टाका आणि पुन्हा दोनदा, परत पी मध्ये येऊन दोनदा. मग ब्रेक दाबून बटण. डिस्प्लेवर मेंटेनन्स मोड असं येतं आणि इंजिन चालू राहतं, दाबाल तशी रेसही घेतं. काम झालं की बटण दाबून गाडी पूर्ण बंद करा. त्या मोडमध्ये गाडी चालवली तर ट्रान्सॲक्सल, म्हणजे हायब्रीडचा गियरबॉक्स, खराब होऊ शकतो. दुसऱ्या कंपनीची गाडी असेल तर क्रम तिच्या मॅन्युअलमध्ये बघा आणि त्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, कारण रांगेत मागचा हॉर्न वाजवायला लागला की साठ सेकंद फार थोडे असतात. पीयूसी नसेल तर कायद्यात दंड दहा हजारांपर्यंत आहे. म्हणजे धूर न सोडल्याबद्दल मनस्ताप वेगळा आणि सोडत नाही हे सिद्ध करता आलं नाही तर दंड वेगळा.

आता बारा व्होल्टची छोटी बॅटरी. खरा संताप इथे आहे.

गणपतीला कोकणात रेल्वेनं गेलात, गाडी तीन आठवडे सोसायटीच्या पार्किंगला. परत येऊन बटण दाबलं की डॅशबोर्डवर नुसती दिवाळी, रेडीचा दिवा काही लागत नाही. वॉचमन काका, समोरच्या बिल्डिंगमधले दोघे आणि इस्त्रीवाला, सगळे बाह्या सरसावून तयार: "धक्का मारू या!" मारा हो, पार स्वारगेटपर्यंत मारा. हायब्रीड धक्का स्टार्ट होत नाही. मागच्या सीटखाली किंवा डिकीत दोनशे व्होल्टच्या आसपासची मोठी बॅटरी चांगली भरलेली असते, पण ती गाडीला जोडणारे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, ओढायला बारा व्होल्ट लागतात, आणि ते देणारी छोटी बॅटरी मेलेली असते. घरात धान्याची कोठी भरलेली आणि किल्ली हरवलेली.

ही बॅटरी छोटी का? तिला इंजिन फिरवायचं नसतं, ते काम मोठी मोटर करते. म्हणून कंपनी लहान बॅटरी देते. मग तिच्यावर चोवीस तास काय काय बसतं बघा: स्मार्ट कीचा रिसिव्हर, अलार्म, मोबाईल ॲपवाला कनेक्टेड मॉड्यूल आणि ॲक्सेसरीवाल्यानं पार्किंग मोडसाठी थेट बॅटरीवरून जोडून दिलेला डॅशकॅम. यातला डॅशकॅम सगळ्यात हावरट. तो इग्निशनच्या फ्यूजवर घ्या, नाहीतर व्होल्टेज कट-ऑफ असलेली किट लावा.

गाडी उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा ती रेडी करून अर्धा-पाऊण तास तशीच ठेवा. रेडी, नुसतं इग्निशन ऑन नाही. ऑनमध्ये ठेवलीत तर छोटी बॅटरी चार्ज व्हायच्या ऐवजी आणखी उतरते, कारण तिला चार्ज करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर रेडी झाल्यावरच काम करतो. कोंदट बेसमेंटमध्ये हे करू नका, मध्येच इंजिन आपोआप सुरू होतं आणि धूर आत कोंडतो. मल्टिमीटर असेल तर सकाळी गाडी उघडण्याआधी बॅटरी मोजा: १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली की चार्जर काढा. दोन ते चार अँपिअरचा स्मार्ट चार्जर पुरतो.

जंप द्यायची, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून केबलनं आपली चालू करायची वेळ आली तर लाल क्लिप आधी आपल्या प्लसवर, मग दुसऱ्या गाडीच्या प्लसवर. काळी दुसऱ्या गाडीच्या मायनसवर आणि शेवटची काळी आपल्या गाडीच्या उघड्या धातूवर. काही गाड्यांत ही बॅटरी डिकीत असते आणि डिकीचं लॉक विजेवर उघडतं! अशा वेळी बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये जंपसाठी वेगळं प्लस टर्मिनल दिलेलं असतं. क्लिपा उलट्या लागल्या तर मोठा फ्यूज किंवा थेट कन्व्हर्टर जातो, म्हणून "मला येतं, सरका" म्हणणाऱ्याला आधी लांब उभं करा. आणि शेजाऱ्याच्या बोलेरोला आपल्या हायब्रीडवरून जंप देऊ नका, बहुतेक मॅन्युअलमध्ये ते मना आहे. शेजारी रुसला तर रुसू दे.

जंपनं झालं नाही की क्रेन येते. येते ती हुकवाली. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढायला लागला तर थांबवा त्याला. या गाड्यांची पुढची चाकं फिरली की आतली मोटर फिरते आणि वीज तयार करते, ती बंद गाडीत कुठे जाणार? फ्लॅटबेडच हवा, अख्खी गाडी वर चढवून नेणारा. तसं फोनवरच सांगा, कारण आलेला माणूस "काही होत नाही साहेब, रोज नेतो" एवढंच म्हणतो. रोज काय नेतो ते विचारा. अल्टो.

एप्रिल उजाडला की पुढचा कार्यक्रम: एसीचा गॅस. पहिली गोष्ट, गॅस दरवर्षी "भरायचा" नसतो. सिस्टीम बंद असते, कमी झाला म्हणजे गळती आहे. दुसरी गोष्ट जास्त महाग पडणारी. हायब्रीडचा एसी कॉम्प्रेसर पट्ट्यावर चालत नाही, तो मोठ्या बॅटरीच्या व्होल्टेजवर चालतो आणि त्याच्या मोटरची वाइंडिंग गॅसमध्ये आणि तेलात भिजलेली असते. म्हणून त्यात वीज न वाहणारं पीओई तेल लागतं, टोयोटाच्या गाड्यांत एनडी-११. रस्त्यावरच्या एसीवाल्याकडे असतं पीएजी, साध्या गाड्यांचं. ते ओतायलाही लागत नाही, आधीच्या दहा गाड्यांमुळे त्याच्या गेजच्या पायपांत राहिलेलं थोडंसंच इन्सुलेशन बिघडवायला पुरतं. गॅस भरून एसी मस्त गार होतो, काका पैसे घेतात, आणि काही दिवसांनी उद्गारचिन्हाचा दिवा लागतो. स्कॅनरवर कोड येतो पी-झिरो-ए-ए-सिक्स, म्हणजे उच्च दाबाची वीज बॉडीकडे गळतेय. आता गाडी एकदा बंद केलीत की पुन्हा रेडी होईलच असं नाही. तेल सगळीकडे पसरलेलं असतं, म्हणून कॉम्प्रेसरबरोबर कंडेन्सर, कॉइल, पाइप असं सगळंच बदलायची यादी हातात येते. तेव्हा एसीवाल्याला दोनच गोष्टी विचारा: तेलाची बाटली दाखव, आणि हायब्रीडसाठी वेगळे पाइप आहेत का? उत्तरात "सगळं सेमच असतं" आलं की गाडी वळवा.

"ॲव्हरेज किती देते?" हा प्रश्न तर पुण्यात नावाच्या आधी विचारतात. २०२२ मध्ये होंडाची हायब्रीड सेदान सिटी ई-एचईव्ही आली तेव्हा दावा होता लिटरला २६.५ किलोमीटरचा. गाड्यांची चाचणी घेणाऱ्या ज्या एआरएआयच्या नावानं असे आकडे छापतात ती संस्था इथेच वेताळ टेकडीवर आहे, आणि टेकडीच्या पायथ्याशी पौड रोडला तो आकडा दिसत नाही म्हणून लोक गाडीला शिव्या घालतात. चाचणी रोलरवर होते, एसी बंद ठेवून, ठरलेल्या वेगाच्या आलेखावर. तुम्ही सकाळी कोथरूडहून डेक्कनला चार किलोमीटर जाता. थंड गाडीत बॅटरी भरलेली असली तरी धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवायला इंजिन चालतं, आणि ते तापतंय तोवर तुम्ही पोचलेले असता. तेच इंजिन तापल्यावर विद्यापीठ चौकातून रखडत, सरकत गेलात तरी आकडा तेवढा पडत नाही. त्यात ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल घातलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी, तेव्हा शुद्ध पेट्रोलच्या मानानं सहा-सात टक्के तिथेच गेले. टायरमध्ये हवा कमी असेल किंवा घासल्यावर स्वस्तातले दुसरे टायर टाकले असतील तर आणखी गेले. झिरो-डब्ल्यू-ट्वेंटी हे पातळ इंजिन ऑइल लागतं तिथे ओळखीच्या गॅरेजमध्ये "जाड तेल चांगलं" म्हणून टेन-डब्ल्यू-थर्टी ओतलं असेल तर बोलायलाच नको.

सिग्नलला एन मध्ये टाकायची सवय असलेला ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याची आजच शिकवणी घ्या. एन मध्ये मोठी बॅटरी चार्जच होत नाही आणि एसी मात्र तिच्यावरच चालू असतो. लांब जॅममध्ये तसंच बसून राहिलात तर बॅटरी उतरते. डी म्हणजे ड्राइव्हमध्ये ब्रेकवर पाय किंवा सरळ पी. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडच्या उतारावर एन मध्ये सोडणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं! तिथे न्यूट्रलमध्ये सोडलेल्या ट्रकांनी काय केलंय ते अख्ख्या शहराला माहीत आहे.

घाटात दुसरा गोंधळ. खंडाळ्याहून खोपोलीला साधारण पाचशे मीटरची उतरण आहे. दीड टनाची गाडी तेवढी खाली आली की सुमारे दोन युनिट ऊर्जा मोकळी होते. मोठी बॅटरी सगळी मिळून एक-दीड युनिटाची, काही गाड्यांत त्याहून कमी, त्यात निम्मी आधीच भरलेली. अर्ध्या घाटात ती भरते आणि गाडी जादा वीज जिरवायला इंजिन पेट्रोल न देता नुसतं फिरवायला लागते. घर्रर्र आवाज होतो, मागून सासरे विचारतात, "गियर अडकला का रे?" अडकलेला नाही. ते इंजिन ब्रेकिंग आहे, गियरच्या दांड्यावर त्यासाठीचा बी मोड असेल तर मुद्दाम वापरा.

ब्रेकचं उलटंच. बहुतेक वेग मोटर खाते, पॅड घासतच नाहीत, आणि पुण्याच्या पावसाळ्यात डिस्क गंजतात, कॅलिपरच्या पिना जाम होतात. वर्षातून एकदा पिना काढून ग्रीस करून घ्या. ब्रेक ऑइल बदलताना कोपऱ्यावरच्या गॅरेजला पेडल पंप करू देऊ नका, इथे ते स्कॅनर लावून करायचं काम आहे. बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या इन्व्हर्टरच्या कूलंटची टाकी वेगळी असते. तिच्यात नळाचं पाणी ओतणाऱ्या वॉशिंग सेंटरवाल्याला काय शिक्षा द्यावी ते तुमच्या संस्कारांवर सोडतो.

सीट कव्हरवाले हा स्वतंत्र प्रकार. मागच्या सीटच्या बाजूला किंवा खाली बोटभर उंचीची जाळी असते. ती शोभेची नाही, मोठी बॅटरी केबिनमधली गार हवा तिथूनच ओढते. कव्हरवाला फिटिंग घट्ट बसावं म्हणून रेक्झिन ओढून नेमकी तीच झाकतो. नाही झाकली तर आतल्या फिल्टरवर धूळ, केस आणि पोरांच्या वेफर्सचा चुरा यांचा राखाडी नमदा बसतो. मागून पंख्याची घरघर यायला लागली की समजा. जाळी क्लिपांवर असते, हळू ओढली की निघते. फिल्टर झटका, धूळ काढून परत लावा. पुण्याची धूळ बघता दर सहा महिन्यांनी. तेवढंच करा. आत दिसणाऱ्या उच्च दाबाच्या केशरी केबलला हात लावायचा नाही, उंदरानं कुरतडलेली दिसली तरी नाही.

एवढं सांभाळून सरकारदरबारी मान काय? २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरहून लांब हायब्रीडवर जीएसटी ४० टक्के, इलेक्ट्रिकवर ५. प्लेट पांढरीच. एक्स्प्रेसवेवर इलेक्ट्रिक कारना टोल माफ, आपला फास्टॅग टिंग. रोड टॅक्स पेट्रोल गाडीचाच, किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के. उत्तर प्रदेशानं जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रीडची नोंदणी करमुक्त केली होती.

आणि शोरूम? हार घालतात, पडदा ओढतात, केक कापून फोटो काढतात, पण बॉनेटखालचं एक टर्मिनल दाखवायला कुणाला सवड नसते. डिलिव्हरीच्या दिवशी समोरच्या माणसाकडून चार गोष्टी करून घ्या: मेंटेनन्स मोड लावून दाखव, जंपचं टर्मिनल उघडून दाखव, बॅटरीच्या हवेची जाळी काढून परत लाव, आणि मोठ्या बॅटरीची आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी कशाकशानं रद्द होते ते कागदावर लिहून दे. तोवर सही नाही. केक वितळला तर वितळू दे.