झाडाचं ते खोड, माणसाची ती खोड

ताईने परवा एक फॉरवर्ड पाठवला. खाली तिची ओळ : ‘बघ, उगाच ओरडत होते मी त्याला.’ ‘त्याला’ म्हणजे माझ्या भाच्याला. नऊ वर्षांचा आहे, नखं खातो.

फॉरवर्डचं म्हणणं असं : सवय ही फांदी, २१ दिवसांत लागते नि सुटते. ‘खोड’ हा शब्द मात्र झाडाच्या खोडावरून आला. तो माणसाचा बुंधाच, म्हणून मरेपर्यंत जात नाही. वर ती आजोबांकडून नातवात उतरते.

अहो, झाडाचं ते खोड, माणसाची ती खोड! लिंगसुद्धा वेगळं. आणि मूळ एकच निघालं तरी अर्थ वापरावरून ठरतो. झाडाला खोड ‘लागत’ नाही; माणसाला लागते, जडते. म्हणजे आधी नसते. ‘थांब, तुझी खोडच मोडतो’ हे ऐकत आपण मोठे झालो. मोडतच नसती, तर हा वाक्प्रचार आला कुठून?

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण आहे, कबूल. खोड सवयीपेक्षा चिवट, हेही कबूल. पण ही म्हण दहाव्यांदा तेच करणाऱ्याला वैतागून मारलेला टोमणा आहे, निदान नव्हे. काल भाच्याला हटकलं, तर अंगठा तोंडातून न काढताच म्हणाला, ‘माझी खोड आहे, ती जात नसते.’ अंगठ्याच्या कडेची कातडी सोलून लाल झाली होती. संताप आला तो इथे.

आजोबांचं म्हणाल, तर आमच्या आजोबांना मी कायम कवळीतच पाहिलंय. पुढे.

२१ दिवस? मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० च्या पुस्तकात लिहिलं की रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. ‘किमान’ गळालं, चेहराही गळाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ९६ जणांवर १२ आठवडे अभ्यास केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. साधी नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस. त्यांच्या अंदाजी हिशेबाने (१२ आठवड्यांच्या पुढचंही धरून) कुणाला १८, तर कुणाला २५४. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही.

ताईला एवढंच कळवलं : बोट तोंडाकडे गेलं की हातात खोडरबर धरायला लाव. आणि एक दिवस चुकला म्हणून मोजणी शून्यावर आणू नकोस.