काही नाही, टेन्शन आहे

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं. नात्यातले, ऑफिसमधले सगळे इथे आहेत, परत कुणीतरी आईला फोन करून विचारणार की हिचं काय चाललंय. पण परवा एका मैत्रिणीचा रात्री दीड वाजता मेसेज आला, "छातीत धडधडतंय, पण डॉक्टरकडे जायची लाज वाटते, मागच्या वेळी हसले होते ते." तो वाचल्यावर म्हटलं आता लिहूनच टाकते.

मला हेल्थ अँक्झायटी आहे. म्हणजे आजाराची भीती. काळजी सगळ्यांनाच असते, ही त्यातली नाही. मी दिवसातून चाळीस चाळीस वेळा नाडी बघायचे. भाजी चिरताना, मीटिंगमध्ये टेबलाखाली, मुलाचा अभ्यास घेताना, डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं. एक ठोका चुकल्यासारखा झाला की पोटात खड्डा, हात गार, आणि मग त्या भीतीनेच ठोके अजून वाढतात आणि ते वाढले म्हणून भीती अजून वाढते. कोविडमध्ये घेतलेले ऑक्सिमीटर बाकीच्यांनी कधीच कपाटात टाकले, माझा दोन वर्षं उशीखाली होता.

हे कुठून आलं तेही सांगते. २००९ साली अण्णा गेले, माझे वडील. ५६ वर्षांचे होते. कोरेगावला आमचं किराणाचं दुकान होतं. दुपारी छातीत जळजळतंय म्हणाले, घामाने बनियन भिजलेलं, जवळच्याच दवाखान्यात दाखवलं. पित्त आहे, काही नाही, जेवणाच्या वेळा सांभाळा म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं. ईसीजी काढला नाही. पहाटे साडेचारला गेले. गोळ्यांची स्ट्रिप देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर तशीच होती, दहातल्या नऊ शिल्लक.

त्यामुळे "काही नाही, पित्त आहे" ऐकून बाकीच्या पेशंटना सुटल्यासारखं वाटत असेल, माझी भीती तिथून सुरू होते. हे वाक्य मी आधी ऐकलंय आणि त्याच्या पुढची पहाटही बघितलीय. हे माझ्या कुठल्याच डॉक्टरला माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नाही की बाई, तुला हार्टचीच एवढी भीती का वाटते.

पहिल्यांदा त्रास झाला तेव्हा सगळं नीट केलं त्यांनी, ईसीजी, टूडी इको, टीएमटी, सगळं नॉर्मल. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ईसीजीला ते रबरी फुगे छातीला लावतात ना, त्यांचे लाल गोल वळ उठतात, तासाभरात जातात. मी घरी येऊन आरशात ते वळ बघत बसायचे. ते दिसतायत तोपर्यंत बरं वाटायचं, आत्ताच तपासलंय, आत्ता काही होणार नाही. ते पुसट झाले की परत धाकधूक. माझा दिलासा तेवढाच टिकायचा, एक तास.

मग परत गेले. मग दुसऱ्या डॉक्टरांकडे. तिथे कागदावर एक शब्द लिहिला गेला, अँक्झायटी, आणि खाली दोनदा रेघ मारली. शब्द बरोबरच होता हो. मला आहेच अँक्झायटी. पण त्या दिवसापासून मी कुठलीही तक्रार घेऊन गेले की आधी तो शब्द वाचला जायचा आणि मग माझ्याकडे बघितलं जायचं. पाठ दुखते, टेन्शन. चक्कर येते, टेन्शन. एका ठिकाणी डॉक्टरांनी माझी फाईल हातावर तोलून बघितली आणि कंपाउंडरकडे बघून हसले. ती फाईल मी तारखेप्रमाणे लावून नेली होती, त्यांचा वेळ जाऊ नये म्हणून. "मॅडम, गूगल बंद करा, नवऱ्याला सांगा कुठेतरी फिरवून आणा." नवरा शेजारीच बसला होता. तोही हसला. घरी आल्यावर त्याला वाईट वाटलं, तो वाईट माणूस नाहीये, पण डॉक्टर हसले की घरच्यांना पण हसायची परवानगी मिळते हे मला त्या दिवशी कळलं.

मग मी काय केलं, तर लपवायला लागले. आणि ही पोस्ट खरं तर एवढ्यासाठीच आहे. माझी एस्सिटालोप्रामची गोळी चालू होती, सायकियाट्रिस्टने दिलेली. दुसऱ्या कुठल्याही दवाखान्यात "कुठली औषधं चालू आहेत?" विचारलं की मी सांगायचे, काही नाही. स्ट्रिप पर्समधल्या आतल्या कप्प्यात ठेवायचे. जुनी फाईल घरी ठेवून कोरी करकरीत पेशंट बनून जायचे, म्हणजे निदान एकदा तरी कुणीतरी नीट तपासेल. मान आखडली तेव्हा असंच एका ठिकाणी दहा दिवसांच्या पेनकिलर घेऊन आले. नंतर कळलं की त्या प्रकारच्या पेनकिलर आणि माझी गोळी एकत्र घेतली की पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. त्या डॉक्टरांची काय चूक, मीच सांगितलं नव्हतं. पण मी का सांगितलं नव्हतं?

२०२२ च्या पावसाळ्यात धडधड फार वाढली. जिना चढला की धाप, दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागायचं, केस मूठभर हातात यायचे. आणि एक विचित्र गोष्ट, भात लावताना कच्चे तांदूळ खावेसे वाटायचे. मूठ मूठ खायचे. तीन डॉक्टर झाले चार महिन्यांत. तिघांनीही फाईल बघितली, टेन्शन म्हणाले, एकाने झोपेची गोळी दिली. रक्त? ते मागच्या वर्षी तपासलंय की, नॉर्मल होतं. पाळीत किती रक्त जातं हे एकानेही विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही कारण मला वाटलं हे पण नाटकच समजतील.

चौथ्या डॉक्टर साठीच्या पुढच्या बाई होत्या, नणंदेने ओळख काढून दिली होती. त्यांनी फाईल बाजूला ठेवली, माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, मग नखं बघितली, मग विचारलं, "माती, खडू, तांदूळ असलं काही खातेस का गं?" मला तिथेच रडू फुटलं. हिमोग्लोबिन ७.४ निघालं. अंगात लोहच नव्हतं. रक्त कमी पडलं की हृदयाला जास्त पळावं लागतं, म्हणून धडधड, म्हणून धाप. आणि महाराष्ट्रात काही ही दुर्मिळ गोष्ट नाहीये, सरकारच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना ॲनिमिया निघालाय. निम्म्याहून जास्त! समोर बसलेली बाई टेन्शनवाली असो नसो, पापणी ओढून बघायला पाच सेकंद लागतात.

आता कुणी म्हणेल, म्हणजे शेवटी तुला खरंच काहीतरी होतं ना, मग अँक्झायटी कुठली. तर नाही. लोहाची सलाईन झाली, तीन-चार महिन्यांत हिमोग्लोबिन १२ च्या वर गेलं, धाप गेली, तांदूळ सुटले, आणि भीती होती तिथेच होती. दोन्ही होतं मला. एकाच बाईला दोन्ही असू शकतं, एवढीच साधी गोष्ट आहे ही. आणि समजा हिमोग्लोबिन १४ निघालं असतं तरी माझं म्हणणं हेच असतं. तपासून मग "भीती आहे" म्हणणं वेगळं आणि भीती आहे म्हणून तपासायचंच नाही हे वेगळं.

डॉक्टरांची बाजू मला दिसत नाही असं नाही. २०१७ मध्ये ६७ देशांतले आकडे गोळा करून एक अभ्यास आला होता, डॉक्टर एका पेशंटला किती वेळ देतात त्याचा. स्वीडनमध्ये बावीस मिनिटं, आपल्याकडे दोनच्या आसपास. बाहेर चाळीस माणसं बसलेली असताना माझ्यासारखी बाई महिन्यातून तिसऱ्यांदा येऊन तेच सांगते, कुणाचाही जीव मेटाकुटीला येईल. पण दोन मिनिटांत हसता येतं तसं दोन मिनिटांत विचारताही येतं.

आणि हा आजार काही लाडाचा नाहीये. याला आधी हायपोकाँड्रियासिस म्हणायचे, त्या शब्दाची इतकी टवाळी झाली की २०१३ साली अमेरिकेतल्या सायकियाट्रिस्टनी तो त्यांच्या यादीतून काढला आणि नाव बदललं. डब्ल्यूएचओच्या नव्या यादीत तो ओसीडीच्या शेजारी ठेवलाय, आणि मला ते पटतं, कारण माझं नाडी बघणं आणि कुणाचं पन्नास वेळा हात धुणं एकाच जातीचं आहे. केलं की मिनिटभर बरं, मग परत. २०२३ च्या डिसेंबरमध्ये स्वीडनचाच एक अभ्यास छापून आला, ४१२९ लोकांचा, ज्यांना हेच निदान झालेलं. ही माणसं बाकीच्यांपेक्षा सरासरी पाच वर्षं लवकर गेली होती, आत्महत्येचा धोका जवळपास चौपट. बहुतेक मृत्यू टाळता येण्यासारखे होते असंही त्यात लिहिलंय. ते वाचून मी दोन रात्री झोपले नव्हते. पण ज्यांनी ज्यांनी "तुला काही झालेलं नाही" म्हटलं त्या सगळ्यांना ते वाचायला द्यावंसं पण वाटलं.

त्या चौथ्या डॉक्टरांकडेच मी अजून जाते. त्यांनी जे केलं ते इथे लिहिते, कुणाला उपयोग झाला तर. पहिल्यांदा माझं मनगट धरून घड्याळात बघत पूर्ण एक मिनिट नाडी मोजली, आणि म्हणाल्या, "मध्ये मध्ये एखादा ठोका आधी पडतोय, मलाही लागतोय हाताला. खरा आहे. धोक्याचा नाही." खरा आहे! सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की मला जाणवतंय ते आहे. मग ठरवलं की दर सहा आठवड्यांनी यायचं, त्रास असो नसो, आणि दर वेळी त्या हाताने तपासणार. नवीन टेस्ट मात्र कारण असल्याशिवाय नाही. म्हणजे मला आत जायला नवीन आजार शोधून न्यावा लागत नाही, तारीख ठरलेली असते. एका कागदावर लिहून दिलंय, छातीत दाब येऊन हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, दरदरून घाम आला, शुद्ध हरपली तर कुणाला न विचारता थेट इमर्जन्सी. तो कागद फ्रीजवर लावलाय. आणि काउन्सेलरकडे त्यांनीच पाठवलं, पण "तुझं मनाचं आहे, तिकडे जा" असं हाकलून नाही, "तिकडेही जा, इथेही ये" म्हणून. काउन्सेलरने नाडी बघायचं एकदम बंद करायला लावलं नाही, आधी दहा मिनिटं थांबायचं, मग अर्धा तास. चाळीसचं आता चार-पाच वर आलंय. वाईट दिवशी बारा. (ज्यांना फीचा किंवा लोकांचा प्रश्न आहे त्यांनी १४४१६ ला फोन करा, सरकारची टेलिमानस हेल्पलाईन, फुकट आहे, रात्रीही चालू असते, मराठीत बोलता येतं.)

गेल्या महिन्यात या बाई गावाला होत्या आणि मला पोटात उजवीकडे दुखायला लागलं, म्हणून कोपऱ्यावरच्या नव्या दवाखान्यात गेले. तरुण मुलगा होता. त्याने विचारलं, कुठली औषधं चालू आहेत? हात पर्सच्या आतल्या कप्प्यावर गेला माझा. मग स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली. त्याने नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि पेन उचललं. स्टेथोस्कोप अजून गळ्यातच होता.

मी म्हटलं, "डॉक्टर, आहे मला अँक्झायटी. पण आधी तपासा, मग लिहा."

क्षणभर थांबला तो. मग पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "ताई, झोपा इथे. कुठे दुखतंय ते बोटाने दाखवा."